अनुसयाबाईला गवत पायजे

"सुदामभाऊ, गवत हाय का?"

मी बांधावर बसून विळ्याला धार लावून राहिलो होतो. मान वर केली तर अनुसयाबाई उभी. कमरेला खुरपं खोचलेलं, डोक्यावर पदर, आणि पाय एकदम स्वच्छ. श्रावणात पायाला माती नसलेली अनुसयाबाई मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

"गवत? कशाला, शेळीला?"

"शेळी विकून दोन सालं झाली. मला पायजे."

"खायला?"

"निंदायला. चेष्टा नगा करू भाऊ. हाय का न्हाई तेवढं सांगा."

आता माझं वय झालं. लोकांनी माझ्याकडं बैल मागितला, बी मागितलं, तंबाखू तर रोजच मागतात. पण गवत मागणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. कुणाच्या रानात गवत आहे म्हणणं म्हणजे त्याच्या अंथरुणात ढेकूण आहेत म्हणण्यासारखं. दुसरी कुणी असती तर मी भांडलोच असतो.

मी रानाकडं हात केला. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, मधून तुरीच्या ओळींचे तास, आणि खालची माती अशी साफ की सुई पडली तरी सापडावी. पंधरा दिवसांपूर्वी मी तणनाशक मारलं होतं. गवत पिवळं पडलं, वाळलं, मातीत मिळून गेलं.

"न्हाई बाई. औषध मारलं."

"तुमीबी?" ती म्हणाली, आणि मी तिच्या कोंबडीला विष घातल्यासारखी माझ्याकडं बघत उभी राहिली.

तिचं दुःख मला ठाऊक होतं. आमचं गाव हिंगोलीकडच्या पुसेगावपासून दोन कोसांवर, माळावर. कयाधू नदीच्या काठाला हळद होते, तिथं बायांच्या हाताला काम असतं. आमच्याकडं नुसतं सोयाबीन आणि तूर. तीस वर्षं या रानांतलं गवत अनुसयाबाईच्या टोळीनं काढलं. दहा बाया, पुढं अनुसयाबाई. तिचं खुरपं चाललं की तोंड चालायचं, आणि तोंडातून गाणं निघायचं. हे गाणं ती कुणाकडून शिकलेली नसायची. तिथंच, त्या तासात, त्या घटकेला तयार व्हायचं. सकाळी एक ओळ निघाली की दुपारच्या भाकरीपर्यंत कडवं व्हायचं. मागच्या नऊ जणी ते उचलायच्या. पाटलाच्या नव्या गाडीवर गाणं, सरपंचाच्या जुन्या आश्वासनावर गाणं. आणि गावात लेकरू जन्मलं की बारशाला पाळणा. गावातल्या निम्म्या पोरांची नावं तिच्या पाळण्यातून ठेवली गेली. एकाचा पाळणा दुसऱ्याला तिनं कधी दिला नाही.

तिला लिहिता येत नाही. मला अक्षरं उशिरा आली, पण आली. म्हणून तिची गाणी माझ्या वहीत आहेत.

यंदा मात्र सगळ्या गावानं औषध मारलं. टोळी घरी बसली. आणि नेमकी यंदाच तिला नात झाली.

तिची लेक कोमल आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला दिलेली. सात वर्षं लेकरू नव्हतं. त्या सात वर्षांत सासूनं, रुख्मिणीबाईनं, पोरीला काय काय ऐकवलं ते सांगत बसत नाही. अनुसयाबाई मुलीची आई, तिनं सगळं खाली मान घालून ऐकलं. ज्या तोंडानं सरपंचाला सोडलं नाही, ते तोंड गोरेगावच्या उंबऱ्याशी बंद. आता हिंगोलीच्या दवाखान्यात कोमल बाळंत झाली, तर रुख्मिणीबाई लेकराला तिथूनच थेट गोरेगावला घेऊन गेली. बारसंही तिकडंच. अनुसयाबाईनं फोनवर एवढंच म्हटलं, "पाळणा मी म्हणन हं, ईनबाई."

तर पलीकडून उत्तर आलं, "तुमी नुस्तं या. पाळण्याचं गानं मोबाईलात हाय, मोठ्या गानाऱ्या बाईच्या आवाजातलं. तुमचं खुरप्याचं गानं खुरपायलाच राहू द्या."

बारसं रविवारी. आज मंगळवार. आणि अनुसयाबाईला पाळण्याचं एक कडवंही पुरं सुचत नव्हतं.

घरी आलो तर ती माझ्या आधीच येऊन बसलेली, आणि आमची कारभारीण मंजुळाबाई तिला उपाय सांगून राहिली होती. मंजुळाबाईही त्याच टोळीतली.

"आगं, तांदूळ निवड. हात चालतोच की."

"निवडले. गानं न्हाई निघालं, खडे मातर लई निघाले."

"गोधडी शिव."

"बोटाला सुई टोचली तवा एक शबुद सुचला. त्यो पाळण्यात म्हनायसारखा न्हाई."

"अंगणातलं गवत काढ."

"काढलं ना! अर्ध्या कडव्याला पुरलं. मंग शाळेच्या मैदानात बसले. तर त्ये मास्तर बाहीर आलं, म्हने, मावशी, कोंच्या योजनेतून आलात? मी म्हनलं, पाळण्याच्या. तर त्ये बिचारं आत जाऊन रजिस्टर उघडून बघून राहिलं."

मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसली. मी विचारलं, "पर खुरप्यातच असं काय हाय? गानं तर डोक्यात असतंय."

अनुसयाबाईनं जरा विचार केला. मग अंगणातल्या मातीवर बोट टेकवलं.

"भाऊ, गवत उपटलं की खाली मोकळी जागा दिसती ना, वली, काळी, तळहाताएवढी? शबुद तिथं यून बसतो. दुसरीकडं त्याला बसायला जागाच न्हाई. मी काय करू?"

मंजुळाबाई म्हणाली, "आता गावात गवत ठिवलंच कुनी?"

त्याच वेळी रस्त्यावरून दगडोबाची बैलगाडी चालली होती. दगडोबा आमच्याच शिवारातला, कंजूष आणि भारी बढाईखोर. यंदा गावात पहिल्यांदा औषध मारलं ते त्यानं, आणि तेव्हापासून पारावर त्याचंच पुराण. "माझ्या रानात काडी न्हाई. डोळे मिटून चाला." गाडीत पोतं टाकलेलं, आणि पोत्याखालून निंदणीच्या तणातला हिरवागार केना लोंबत होता. ओला, लुसलुशीत, पानावर पाणी.

अनुसयाबाई ताडकन उठली.

"भावजी, थांबा. ह्ये गवत कुठलं?"

दगडोबानं पोतं ओढून केना झाकला. "कुठलं म्हंजी? इकतचं."

"इकतचं? श्रावणात?"

"बैलाला आवडतं. लांबून आणलं."

"लांबून आणलं तर मुळाची माती अजून वली कशी?"

दगडोबानं बैलाला उगाच शिवी दिली आणि गाडी हाणली. बैल बिचारा चालतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अनुसयाबाईनं मला वहीसकट दगडोबाच्या रानाकडं नेलं. टेकाडाच्या पलीकडं, नाल्याच्या अंगाला त्याचं दोन एकर. तिकडं कुणी फिरकत नाही. टेकाड चढलो आणि मी जागच्या जागी थांबलो. काय गवत म्हणावं ते! केना, लव्हाळा, घोळ, हराळी, सगळी जात आलेली. सोयाबीन कुठं आहे ते शोधावं लागत होतं. दगडोबानं औषध मारलं हे खरं होतं. पण त्यानं पाठीवरचा पंप खाली ठेवला आणि घटकाभरात पाऊस आला. सगळं औषध नाल्याला वाहून गेलं. बढाई मात्र आधीच मारून झाली होती, ती परत कशी घ्यायची? म्हणून बिचारा रोज चोरून एक गाडी गवत उपटत होता आणि रोज दोन गाड्या उगवत होतं.

आम्हाला बघताच तो हात पसरून बांधावर आडवा उभा राहिला.

"म्होरं यायचं न्हाई. माझं रान हाय."

"रान तुमचंच हाय, भावजी. मला निस्तं गवत पायजे."

"गवत बी माझंच हाय. देत न्हाई."

"आवो, फुकट निंदून देते."

"फुकट तर मुळीच नको! फुकट निंदणाऱ्या बाईच्या पोटात काय असतं मला म्हाईत हाय. गानं असतं. तू हितं बसणार, माझं औषध वाहून गेलं त्याचं कडवं करणार, आन् ह्यो सुदाम लिवून घेणार. बघ, वही घिऊनच आलाय!"

मी वही पाठीमागं केली, पण उशीर झाला होता.

त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यानं निंदायला आलेल्या बायांना असा पातळ चहा पाजला की अनुसयाबाईनं त्यावर गाणं केलं, दगडोबाच्या चहात आभाळ दिसतं म्हणून. ते गाणं तीन गावांत गेलं. सेनगावच्या बाजारात एका अनोळखी माणसानं त्याला धरून विचारलं, "ते आभाळवाले तुमीच का?" तेव्हापासून तो बायांच्या टोळीपासून चार हात दूर.

"भावजी," अनुसयाबाई खाली बसली, "तुमच्या गळ्याची आन. तुमचं नाव घेणार न्हाई."

"नाव न घेता बी कळतंय लोकायला."

"तुमचं रान घेणार न्हाई."

"औषध?"

"औषध न्हाई."

"पाऊस?"

"आता पाऊस काय तुमच्या घरचा हाय का?"

"आन् चहा?"

"चहा काहून घेऊ? घेण्यासारखा असतो का त्यो?"

मला हसू आवरेना. दगडोबा माझ्यावरच उखडला. "हसू नको. लिव! सगळं लिव त्या वहीत. दगडोबा, दगडोबाचं रान, दगडोबाचं औषध, दगडोबाचा चहा, कायच गाण्यात येणार न्हाई. आन् घे तिचा अंगठा."

मी लिहिलं. शाई नव्हती, म्हणून तिनं ओल्या मातीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. दगडोबानं कागद फाडून घेतला, घडी करून टोपीत ठेवला आणि बाजूला सरकला.

दुपारपर्यंत मंजुळाबाई आणि आणखी सहाजणी येऊन पोचल्या. मजुरी नाही, काही नाही, तरी आल्या. महिनाभर घरात बसून त्यांचेही हात शिवशिवत होते. आठजणींनी आठ ओळींच्या पाती धरल्या. पहिला एक तास नुसता खुरप्यांचा आवाज. करकर, करकर, आणि मुळं तुटल्याचा बारीक आवाज. मी बांधावर पेन्सिल धरून बसलो. दगडोबा माझ्या शेजारी कान टवकारून.

मग तिची मान हलायला लागली. ओठ हलले. उपटलेलं गवत डाव्या हाताला, खुरपं उजव्या हाताला, आणि त्या दोन्हींच्या मधे ओळ उगवली. कोमलनं फोनवर सांगून ठेवलं होतं, पोरीचं नाव प्रतीक्षा ठरलंय. त्या नावावरच तिनं गाणं धरलं.

*रानानं पाह्यली पाण्याची वाट,*
*पाण्यानं पाह्यली मातीची वाट,*
*आजीनं पाह्यली सात साल वाट,*
*आली गं प्रतीक्षा, हलवा पाळणा.*

मागून सातजणींनी उचललं. टेकाडाखाली आवाज असा घुमला की नाल्यातले बगळे उडाले. मी लिहून घेतलं. माझी अक्षरं ढेकळांसारखी, पण ओळी नीट बसल्या.

दगडोबा माझ्या वहीत डोकावला. मग हळूच म्हणाला, "सुदाम, यात मी कुठंच न्हाई ना?"

"कुठंच न्हाई."

"बराबर." थोड्या वेळानं पुन्हा, "रानानं पाह्यली वाट म्हनली ना ती? कोंचं रान?"

"सगळ्यांचं रान."

"हं." त्यानं टोपी काढून आतला कागद चाचपला. "म्हंजी एका अर्थानं माझं बी आलंच."

"मोडला का करार? घ्यायचं का ते काढून?"

"न्हाई, न्हाई. राहू दे. लेकराचं गानं हाय."

आणि तो घरी जाऊन चहा घेऊन आला. चहा असा दाट की मंजुळाबाईनं पेल्यात बोट घालून खात्री केली.

शनिवारपर्यंत पाच कडवी झाली आणि दगडोबाचं दोन एकर साफ झालं. गावात तो सांगत सुटला, "बघा, औषधाचा गुण!"

रविवारी जीपनं आम्ही गोरेगावला गेलो. अनुसयाबाई, मी, मंजुळाबाई आणि टोळीतल्या चौघी. दगडोबाही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गाणं ऐन वेळी बदलू नये यावर लक्ष ठेवायला आलो, असं तो म्हणाला.

रुख्मिणीबाईचं घर नवं, स्लॅबचं. अंगणभर फरशी, कुठं मातीचा कण नाही. फरशीवर मुन्ना डेकोरेशनवाल्यानं हिरवी प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली, वर फुग्यांची कमान, कमानीखाली सजवलेला पाळणा, बाजूला माणसाच्या उंचीचे दोन भोंगे. बायका जरीच्या साड्या नेसून बसलेल्या. आमच्या बाया हिरवळीच्या कडेला अंग चोरून बसल्या.

"आलात का?" रुख्मिणीबाई म्हणाली. अंगानं भक्कम, आवाज त्याहून भक्कम. "बसा. गानं मोबाईलवर हाय, मी सांगितलं व्हतं."

"व्हय, सांगितलं व्हतं," अनुसयाबाई म्हणाली. "माझं आधी होऊ द्या, मंग मोबाईलाचं लावा."

चार लोकांत नाही कसं म्हणणार? रुख्मिणीबाईनं नाक मुरडलं. "म्हना एखादं कडवं."

आता नाव ठेवायची वेळ. नाव ठेवायचा मान आत्याचा. लेकराची आत्या संध्या, नांदेडला नर्स आहे, मोठी धीट पोरगी. ती पाळण्यावर वाकली, लेकराच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इरा."

माझ्या हातातली वही गळाली.

"आगं, प्रतीक्षा ठरलं व्हतं ना?" रुख्मिणीबाई ओरडली.

"तुमी ठरवलं व्हतं. मान माझा हाय." संध्यानं कोमलकडं बघितलं. कोमल भिंतीला टेकून बसली होती, खाली बघत. "प्रतीक्षा म्हंजी वाट बघणं. सात साल वहिनीनं वाट बघितली आन् त्या वाट बघण्यापायी काय काय ऐकलं, ते या घरात सगळ्यांना म्हाईत हाय. आता जन्मभर पोरीला हाक मारताना तेच आठवायचं? मला न्हाई पटत. वाट बघणं संपलं."

रुख्मिणीबाईचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

मी सरकत अनुसयाबाईजवळ गेलो. "नाव बदलून म्हन. प्रतीक्षाच्या जागी इरा घाल, झालं."

"कसं झालं? सगळं गानंच वाट बघण्याचं हाय." मग ती हळूच म्हणाली, "आन् पोरगी बराबर बोलली, भाऊ. माझंच चुकलं. मिटवा वही."

तेवढ्यात रुख्मिणीबाईला आवाज सापडला. "झालं ना? बसत न्हाई ना ह्यांचं गानं? मुन्ना, लाव मोबाईल."

"थांबा!" अनुसयाबाई म्हणाली. गोरेगावच्या त्या अंगणात तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता, तिनं स्वतःही नसेल. "संध्या बाळ, इरा म्हंजी काय?"

"इरा म्हंजी भुई, मावशी. धरती."

"भुई," अनुसयाबाई पुटपुटली, आणि पाळण्यापुढं उकिडवी बसली.

सगळे वाट बघत होते. भोंग्यातून बारीक खरखर येत होती. मुन्नाचं बोट मोबाईलवर. अनुसयाबाईचे ओठ कोरडे, डोळे पाळण्यावर, आणि हात मोकळे. मंजुळाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "मेलं हितं फरशी. गवताची काडी न्हाई. आता कसं व्हायचं वो हिचं?"

आणि मग मी बघितलं. अनुसयाबाईचा डावा हात खाली गेला होता. तिचं लक्ष नव्हतं. हातानंच शोधलं. दोन बोटांनी प्लास्टिकच्या हिरवळीतली एक काडी चिमटीत धरली आणि उपटली. मग दुसरी. मग मूठभर. उपटायची आणि डाव्या अंगाला ठेवायची, जशी रानात ठेवायची तशी. तिची मान हलायला लागली.

*नांगर लागला, बोलली न्हाई,*
*खुरपं लागलं, हालली न्हाई,*
*पाणी लागताच हसली बाई,*
*भुईचं नाव इरा, हलवा पाळणा.*

मंजुळाबाईनं उचललं, मागून चौघींनी. भोंगा नव्हता, पण आवाज गच्चीपर्यंत गेला. कोमलनं मान वर केली.

"ओ मावशी!" मुन्ना कमानीखालून धावत आला. "क्या कर रहे आप? लॉन है वो! नया है! उपटू नका!"

दगडोबानं त्याचा हात धरून त्याला मागं ओढलं. "गप ऱ्हा. बाईला काडी उपटताना अडवायचं न्हाई. तुला गाण्यात घालन. मला इचार."

अनुसयाबाईला काही ऐकू येत नव्हतं. तिच्यापुढं ताटाएवढा तुकडा मोकळा झाला होता, खाली पांढरी फरशी दिसत होती. ती पुढं सरकली, नवी पात धरल्यासारखी.

*कुनी म्हनं पडीक, कुनी म्हनं माळ,*
*भुईनं ऐकलं सात गं साल,*
*आज तिच्या मांडीवर हसतंय बाळ,*
*भुईचं नाव इरा, हलवा पाळणा.*

आता कोमल रडत होती. तोंडावर हात घेऊन, हुंदके देत, आणि मधेच हसतही होती. जरीच्या साड्यांतल्या बायका एकमेकींकडं बघत नव्हत्या, सगळ्या रुख्मिणीबाईकडं बघत होत्या. गाण्यात तिचं नाव कुठंच नव्हतं, आणि दगडोबा म्हणाला होता तसं, नाव न घेताही लोकांना कळतं. मला वाटलं, आता ही बाई उठणार आणि आम्हाला जीपमध्ये बसवणार.

रुख्मिणीबाई उठली खरी. पाळण्यापाशी आली. दोरी धरली आणि एक झोका दिला, मग आणखी एक. "म्हना की, ईनबाई," ती म्हणाली. आवाज बसलेला. "थांबलात काहून? आनखी एक म्हना."

अनुसयाबाई भानावर आली. तिनं पुढं बघितलं. हात पोचेल तिथवर नुसती फरशी, आणि बाजूला हिरव्या काड्यांचा ढीग. मुन्ना डोक्याला हात लावून बसलेला. ती ओशाळली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "कसं म्हनू? हितलं सरलं, ईनबाई."

रुख्मिणीबाईनं पाळण्याची दोरी संध्याच्या हातात दिली. जरीचा पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि आपल्या बाजूच्या हिरवळीवर तळवा मारला.

"मंग हिकडं या," ती म्हणाली. "हिकडं लई हाय."